काठ शून्य

भद्रावती पेठेतल्या आमच्या घरात
पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही
आणि मधल्या पोटमाळ्यावर मी,
माझा जुना लॅपटॉप,
ज्याचा पडदा मागाच्या ठेक्यावर बारीक थरथरतो.

बोगा टॉवेल्ससाठी पान बांधत होते.
शेठ म्हणाले, सुताचा भाव पण दिसू दे त्यात,
रोजचा, ताजा.
भाव आपला नसतो. तो साखर पेठेतल्या दलालाच्या पानावर असतो.
मग मी आमच्या पानात एक चौकट कापली,
रुंदी सहाशे, उंची चारशे,
आणि त्याचं अख्खं पान तिच्यात बसवलं.

नाना जिन्यातून डोकावले,
भुवयांवर सुताची भुसभुशी.
"हे आत काय हलूलालंय?"
दुसऱ्याचं पान.
"आन् बाहेरचं?"
आपलं.
बोट फिरवून शिवण शोधत राहिले बराच वेळ.
मी म्हटलं, सापडायची नाही, काठ शून्य लिहिलाय मी.

"शून्य?"
चाळीस वर्षं टॉवेलांना लाल काठ घातलेला माणूस.
"बिनकाठाचं चार धुण्यांत उसवतं गं, श्रीलता."
मी हसले. पडद्याला कुठलं धुणं.

अम्माला पान म्हणजे तेंदूचं.
मांडीवर सूप, पानावर पत्र्याचा चौकोन,
कात्री त्याच्या कडेकडेनं फिरते, न बघता.
पानात पान? म्हणाली,
आम्ही पण घालतो की. फाटकं निघालं तर आतून एक तुकडा.
तपासनिसाला दिसलं तर छाट,
नाही दिसलं तर हजारात धरलं.

तिला मी पुढचंही सांगितलं,
जे कामाच्या वेळी कुणाला सांगत नाही:
की चौकट आपली, भिंत आपली, वीजबिल आपलं,
पण आत कुणी काय लिहिलं, कुठलं बटण दाबलं
हे बाहेरच्या पानाला कळत नाही.
कान लावला तरी नाही.
आतलं आपल्या चालीनं वरखाली सरकतं.
अम्मानं दोरा दातानं तोडला.
खाली दारात शेंगाचटणीवाली कानडीत हाका मारत होती,
नाना तिच्याशी मराठीत घासाघीस करत होते
आणि मध्येच मागं वळून अम्माला तेलुगूत विचारत होते,
घ्यायची का.
अम्मा तेलुगूतच नाही म्हणाली.
चटणीवालीला फक्त तोंड दिसलं.

मंगळवारी सकाळी शेठचा फोन.
"भावाच्या जागी काय की रडका कागद आलाय,
गिऱ्हाईक विचारूलालंय!"
उघडून बघितलं. राखाडी चौकोन,
मधोमध तोंड पाडलेला एक कागद, खाली लिहिलेलं: जोडणी नाकारली.
दलालानं आपल्या सर्व्हरवर एक ओळ टाकली होती,
मला कुणाच्या चौकटीत बसवू नका.
एवढंच. रागाचा शब्दसुद्धा नाही.
मी इकडून डोकं लावलं, तिकडून लावलं,
रात्री दीडपर्यंत, माग थांबल्यावरही.
दार त्याचं होतं.

अम्मानं पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, छाट.

नाना काहीच बोलले नाहीत.
बुधवारी दहाच्या आत सायकल काढली,
साखर पेठेत दलालाच्या गल्ल्यापुढं उभे राहिले, चहा प्याले,
आणि तिथून फोन लावला.
खाली दोन्ही माग चालू, मी एक कान बोटानं बंद केलेला.
"किती?"
"रेंडु वंदल पदी."
"काय?"
"रेंडु वंदल पदी, रेंडु वंदल पदी!"

मी लिहिलं, २१०.
आमच्याच पानात, आमच्याच अक्षरात.
भोवती एक काठ घातला, लाल, दोन ठिपक्यांचा.
शेठ म्हणतात, काढ तो, जुनाट दिसूलालाय.
अजून काढलेला नाही.
दहा वाजत आले की मी बोट कानाजवळ तयार ठेवते.